शेवटी ओलांडणारा

“फळी मोडली नव्हती, आई. सारखं फळीवर ढकलू नका,” श्रद्धा म्हणाली आणि तव्यावरची भाकरी तिने तशीच हाताने उलटली. बोट भाजलं ते तिला नंतर कळलं.

“मग काय ता मोडलं?”

“काहीच मोडलं नाही. काठ खचला, ओंडका खाली गेला. मी ओंडक्याबद्दल बोलतच नाहीये. पोर साकवाच्या मधोमध बसून राहिली होती, तिच्या पायांना पाणी लागत होतं, आणि हे पलीकडे उभे होते. हात असे अर्धे वर करून. हे हलले का नाहीत, एवढंच मला विचारायचंय.”

सावित्रीबाई आडोळीवर नारळ खवत होत्या. सुनेचा आवाज चढला तसा त्यांनी आपला उतरवला. “हळू बोल. तो पडवीत हाय.”

“ऐकू दे की. त्यांनाच विचारतेय.”

“गांगरला असंल. बाप्या माणूस गांगरत नाय काय? त्याने काय मुद्दाम केलान?”

“मी पण गांगरले होते. गांगरलेला माणूस ओरडतो तरी. हे मुकाट पाठ फिरवून रस्त्याला लागले. मोठ्या पुलावरून वळसा घालून घरी आले, आई. तोवर पोरीचे कपडे बदलून, तिला पेज पाजून झाली होती.”

सावित्रीबाईंच्या हातातली कवड थांबली. हे वळशाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पडवीकडे पाहिलं. स्वरूप बाकावर बसला होता, पुढ्यात चहा होता, आणि चहावर साय धरली होती. मघापासून त्याने कप उचलला नव्हता. सावित्रीबाईंनी तो कप पाहिला, आणि श्रद्धाला वाटलं, आता ह्या काहीतरी विचारतील. पण त्या पुन्हा खवायला लागल्या.

“नजर लागली हाय त्याला,” त्या म्हणाल्या. “दुसरं काय नाय. उद्या देवळात गाऱ्हाणं घालू. नाना गुरवाला निरोप धाडते.”

वाडी पालीच्या अलीकडची. घरं आणि डांबरी रस्ता ह्यांच्यामध्ये एक पऱ्या वाहतो. उन्हाळ्यात त्यात पोरं क्रिकेट खेळतात, आणि पावसाळ्यात तोच माणसाच्या छातीएवढा होतो. त्यावरचा सिमेंटचा साकव गेल्या साली वाहून गेला. नवीन मंजूर झाला आहे असं सगळे सांगतात. यंदा गणपतीच्या रजेवर स्वरूप आला तेव्हा वाडीतली चारजणं पडवीत येऊन बसली. मैना काकी सगळ्यांच्या वतीने म्हणाली, “सरकारचा पूल घेऊन फिरतोस ना रे, मग आमचा एवढासा साकव टाक बघू. का त्याला पण दिल्लीची परवानगी लागते?”

स्वरूप हसला. त्याने नाही म्हणायला हवं होतं. तो पूल बांधणारा नव्हे, लष्करात पूल वाहून नेणारी गाडी चालवणारा. पण हा फरक वाडीला कोण समजावणार, आणि बायकामाणसं डोक्यावर ओझी घेऊन पाण्यातून जात होती हे त्याला दिसत होतं. त्याने माडाचे दोन ओंडके आडवे टाकले, वर फळ्या ठोकल्या, धरायला दोर बांधला. सगळी वाडी त्यावरून गेली, गणपतीसुद्धा गेले. स्वरूप दर वेळी अलीकडे उभा राहायचा. सगळे पार झाले की मग स्वतः पाऊल टाकायचा.

“हा काय नवरदेव हाय, की शेवटी येतो?” मैना काकी म्हणायची.

ही सवय कुठली ते श्रद्धालाच ठाऊक होतं.

स्वरूप मुळात ट्रकवाला. लष्करात जायच्या आधी तो चुलत्याच्या ट्रकवर होता. खाणीतून जांभ्याचे चिरे भरून निघालं की वळायला जागा नसते. भरलेली गाडी चढावर मागे मागे न्यावी लागते, एका अंगाला खाणीचा खड्डा. ते त्याला साधायचं. रत्नागिरीला भरती निघाली तेव्हा तो मित्राला सोबत म्हणून गेला आणि मित्र राहिला, हा घेतला गेला. इंजिनिअर लोकांत पडला, आणि त्याचं गाडीचं अंग बघून त्याला पुलाच्या गाडीवर घातलं.

लग्नानंतर दोन वर्षं श्रद्धा त्याच्याबरोबर क्वार्टरमध्ये राहिली. तेव्हा एकदा युनिटने बायकापोरांना बोलावून ती गाडी दाखवली होती. धड रणगाड्याचं, तोफ नाही, आणि पाठीवर दुमडलेला लोखंडी पूल. आत माणसं दोनच, एक चालवणारा, एक हुकूम देणारा. गाडी खड्ड्याच्या काठाशी येऊन थांबली. मग पूल उठला. उठता उठता तो आभाळात सरळ उभा राहिला, तिथे क्षणभर थांबल्यासारखा वाटला, आणि मग कातरीसारखा उघडत पलीकडच्या काठावर जाऊन टेकला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. श्रद्धाने वाजवल्या नाहीत. तिच्या मनात आलं, एवढं उंच उभं राहिलेलं कुणालाही लांबून दिसत असेल.

घरी आल्यावर तिने विचारलं, “लढाईत पण असाच उभा करता?”

“मग काय आडवा नेऊ?”

“आणि तुम्ही कुठे असता?”

“खाली. झाकण लावून. बोटभर काचेतून समोरचं दिसतं.” मग तो मजेत सांगत सुटला होता. सगळ्यात आधी नाल्यावर आपण पोचायचं. पूल टाकायचा, बाजूला व्हायचं. मग रणगाडे जाणार, ट्रक जाणार, जेवणाची गाडीसुद्धा जाणार. सगळे पार झाले की शेवटी आपण ओलांडायचं, पलीकडून पूल उचलून पाठीवर घ्यायचा, आणि पुन्हा सगळ्यांच्या पुढे. “म्हणजे वरातीत पहिला पण मीच आणि शेवटचा पण मीच.”

तिला हसू आलं नव्हतं. तेव्हापासून ती फोन उचलायच्या आधी एकदा देवाकडे बघायची. इतक्या वर्षांत ते तिच्या अंगवळणी पडलं होतं, जसं विंचवाच्या भीतीने चप्पल झटकून घालणं अंगवळणी पडतं. भीती होती, पण ती त्याच्याबद्दलची होती. तो स्वतः घाबरतो असं तिने कधी पाहिलं नव्हतं.

ते आज पाहिलं. पालीच्या बाजारातून तिघं परतत होती. ती पिशव्या घेऊन पुढे, मागे लेक वेदिका, आणि स्वरूप नेहमीप्रमाणे रस्त्याकडच्या काठावर. श्रद्धा घराकडच्या काठावर उतरली आणि तिच्या टाचेखालची माती भुसकन गेली. वळून बघते तो ओंडक्याचं टोक खाली, फळ्या तिरक्या, आणि पोर दोर धरून मटकन बसलेली. श्रद्धा पिशव्या टाकून कमरेएवढ्या पाण्यात उतरली. वेदिकाची एक चप्पल गेली. तिला काखेत मारून वर चढताना श्रद्धाने पलीकडे पाहिलं. स्वरूपचे डोळे उघडे होते. हात खांद्यापर्यंत उठलेले आणि तिथेच राहिलेले. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

वेदिका रडली नाही. भाकरी खाताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “पप्पा माझ्याकडे बघत होते ना? मग मी त्यांना दिसत का नव्हते?”

पडवीतला कप हलला. बशीवर थोडा चहा सांडला.

सकाळी श्रद्धा उठली तेव्हा अंथरूण रिकामं होतं. ती केस न बांधता पऱ्याकडे निघाली. वाटेत मैना काकी कपड्यांची बादली घेऊन येत होती. “खाली हाय तो,” ती म्हणाली. नेहमीची थट्टा तिने केली नाही, आणि त्यानेच श्रद्धा जास्त घाबरली. वाडीला कळलं होतं.

स्वरूप खचलेल्या काठाशी उकिडवा बसला होता. पाणी उतरलं होतं. ओंडक्याचं टोक चिखलात रुतलं होतं.

“काठ बघितला होता मी,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “टाचेने दाबून बघितला होता. वरून घट्ट होता, आतून पाण्याने पोखरला होता. ते वरून कळत नाही.”

“कुणी तुम्हाला काठाचं विचारत नाहीये.”

“तिकडे पण तसाच होता.”

मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला होता, सरावात एक अपघात झाला, मी बरा आहे. मग त्याने वेदिकाच्या शाळेचं विचारलं होतं आणि तिने सांगितलं होतं. तो विषय तिथेच संपला, असं ती समजली होती.

“कालवा होता. पूल नीट टाकला. तीन रणगाडे गेले. चौथ्यावर परशराम होता, बेळगावकडचा. आदल्या दिवशी माझ्याच ताटात जेवला होता. मी बाजूला गाडी लावून झाकण उघडून उभा होतो, सगळे जाईपर्यंत. पलीकडचा काठ गेला. पूल असा कलला.” त्याने तळहात तिरका करून दाखवला आणि तो हात थरथरायला लागला म्हणून दुसऱ्या हातात धरला. “रणगाडा उलटा पडला पाण्यात, परशराम आतच. मी बघत होतो. पुढे काय करायचं ते सगळं मला माहीत होतं. हात असे वर केले, मागच्यांना थांबवायला. मग हात खाली आलेच नाहीत. कुणीतरी येऊन ओढून खाली केले.”

“तुमची चूक होती?”

“नाही. चौकशी झाली. जमीनच तशी होती, कुणाची चूक नाही म्हणाले. खरंच नव्हती. चूक असती तर बरं झालं असतं, निदान ती सुधारता आली असती.”

त्यानंतर गाडी दुरुस्तीला गेली, मग तो कोठारात होता, मग रजा. त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. हात पुन्हा अडकतील असा त्याला स्वतःला संशय होता, पण खात्री नव्हती. “काल झाली,” तो म्हणाला.

श्रद्धा त्याच्याशेजारी ओल्या मातीत बसली. काल पाण्यात उतरताना तिला जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी आता वाटत होती. उद्या तो जाणार होता. गेल्या गेल्या युनिट बाहेर निघणार होतं, कुठे ते फोनवर सांगत नाहीत. तिच्या डोळ्यांपुढे ती गाडी आली, काठाशी थांबलेली, पूल आभाळात सरळ उभा, आणि खाली झाकण लावून हा, हात अर्धे वर.

“जाऊ नका,” ती म्हणाली. “पेन्शन बसली आहे. नोकरी सोडायचा कागद टाका आणि घरी या. चिऱ्याच्या गाडीवर बसा हवं तर.”

“कागद टाकला तरी सुटायला महिने जातात. तोवर गाडीवर मीच.”

“मग आजारी पडा.”

“किती दिवस?” तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. “मी हलायचा थांबलो की मागे सगळी रांग थांबते, श्रद्धा. नाल्याच्या काठाशी थांबलेली रांग. ती कुणालाही टिपता येते. माझं एकट्याचं असतं तर मी गेलो असतो, बघू काय होतं ते. काल वेदू होती फळीवर. तिच्यासाठी माझा हात खाली आला नाही. परक्याच्या पोरासाठी काय येणार?”

“मग सांगा तिथे. साहेबांना सांगा.”

“सांगितलं की डॉक्टरकडे धाडतात. कागदावर चढतं. मग यंदाची बढती गेली.” त्याने बोटाने काठाची माती उकरली. “आईने सगळ्या वाडीला सांगून ठेवलंय, स्वरूप सुभेदार होणार.”

“त्या नायब सुभेदारातलं नायब गाळतात,” श्रद्धा म्हणाली. त्याच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं.

घरी आल्यावर तिने सासूला सगळं सांगितलं. लपवून काही उपयोग नव्हता. सावित्रीबाई देवळात न्यायचा नारळ सोलत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा एकदम वाळल्यासारखा दिसायला लागला. मुलाच्या बापाला, आत्मारामला, त्यांनी असंच बोटीवर धाडलं होतं वर्षानुवर्षं, आणि तो कधी घाबरतो का हे त्यांनी त्याला मरेपर्यंत विचारलं नव्हतं.

“हे बाहेर बोलू नकोस,” त्या शेवटी म्हणाल्या. “तिकडेपण बोलायचं नाय. माणूस घाबरट हाय असं एकदा झालं की त्याला कोण विचारतंय? देव काढील ता. गाऱ्हाण्याला नाय म्हणू नको म्हणावं त्याला.”

“आणि देवाने नाही काढलं तर?”

“असं अभद्र बोलू नये, बाय.” त्यांनी नारळाची शेंडी चाचपली. “माझा पण एकुलता एक हाय. तुला काय वाटतं, मी त्याला मरायला धाडतेय?”

देऊळ वाडीच्या वरच्या अंगाला. माणसं फार नव्हती, मैना काकी, दोन म्हातारे, आणि गुरवाचा भाऊ. गाऱ्हाण्याची रीत सगळ्यांना पाठ असते. गुरव देवापुढे उभा राहून घरच्यांचं म्हणणं मोठ्याने मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे होकार देतात. ज्याचं गाऱ्हाणं, त्याने तर द्यायचाच. त्याने दिला नाही तर म्हणणं देवाकडे पोचत नाही, निम्म्या वाटेवर राहतं.

नाना गुरवाने सावित्रीबाईंना विचारलं, “काय घालू?”

“घाल की, लेकाला नजर लागली हाय. ती काढ, आणि जसा आजवर राखलास तसा राख.”

नानाने नारळ हातात घेतला, डोळे मिटले. “तर बा देवा म्हाराजा, हे तुझं लेकरू आज तुझ्या पायाशी आलं हाय.”

“होय म्हाराजा,” सगळे म्हणाले. स्वरूपही म्हणाला.

“परमुलखात चाकरीला जातं, देशाची राखण करतं.”

“होय म्हाराजा.”

“कुणा वाकड्या डोळ्याची नजर त्याला लागली असंल, ती आल्या वाटेने माघारी धाड.”

“होय म्हाराजा.” स्वरूपचे ओठ हलले. श्रद्धा त्याच्या तोंडाकडेच बघत होती.

“आणि जशी आजवर त्याने निडर होऊन गाडी हाकली, तशीच उद्यापासून पुढे हाकू दे.”

“होय म्हाराजा,” मैना काकी म्हणाली. दोन म्हातारे म्हणाले. सावित्रीबाई जरा जास्तच मोठ्याने म्हणाल्या. स्वरूप म्हणाला नाही.

नाना थांबला. अशा वेळी गुरव पुढे जात नाही. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, एखाद्या बहिऱ्याला सांगावं तसं. पुन्हा सगळे म्हणाले. स्वरूप देवाकडे बघत उभा होता, हात जोडलेले, तोंड मिटलेलं. सावित्रीबाईंनी त्याच्या बाहीला धरून हलवलं. श्रद्धाने खांबाला हात लावला. तिला वाटलं, काल साकवावर झालं तसंच ह्याचं आता होतंय. पण त्याचे डोळे कालच्यासारखे नव्हते. तो सगळ्यांना बघत होता. त्याने तिलाही पाहिलं.

“ते सोड, नाना,” तो म्हणाला. “फक्त नीट पोचव म्हण.”

नानाने एकदा सावित्रीबाईंकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग तेवढंच म्हटलं आणि नारळ फोडला. उतरताना मैना काकीने वेदिकाचा हात धरला आणि तिला चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून सांभाळून खाली नेलं.

घरचा उंबरा ओलांडला आणि सावित्रीबाईंचा तोल सुटला. “सगळ्यांदेखत माझं तोंड काळं केलंस. देवासमोर एवढं म्हणायला काय जात होतं तुझं?”

“खोटं बोलायला लागलं असतं.”

“सगळेच बोलतात. देवाला काय कळत नाय?”

“मग त्याला सांगायचं कशाला?”

सावित्रीबाई चुलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, पाठ करून. त्या रडत होत्या की नुसत्याच उभ्या होत्या ते कळत नव्हतं. श्रद्धाने पानं घेतली. वेदिकाने पाट मांडले आणि बापाच्या पाटाला आपला पाट टेकवून बसली. श्रद्धाने भात वाढला, कुळथाचं पिठलं वाढलं. स्वरूपने पहिला घास केला, हातात धरला, आणि ताटात परत ठेवला. सगळ्यांचं लक्ष त्या हाताकडे होतं. तो थरथरत होता आणि त्याने तो लपवला नाही.

“आई, बस जेवायला,” तो म्हणाला.

“मला नको.”

“बस. मला सांगायचंय ते एकदाच सांगतो.”

त्या बसल्या नाहीत, पण वळल्या.

“उद्या सकाळच्या गाडीने मी जाणार. हजर झाल्यावर आधी साहेबांकडे जाणार आणि सांगणार, परशराम गेल्यापासून माझे हात चालत नाहीत, मला पुलाच्या गाडीवरून उतरवा. डॉक्टरकडे धाडलं तर जाईन. कोठारात बसवलं तर बसेन. बढती येणार नाही. वाडीत तसं सांगून टाका.”